दिवेघाट आणि महाद्वार

२०२० साली आषाढी एकादशी १ जुलैला आली. आदल्या दिवशी, दशमीला, संत ज्ञानेश्वरांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून आळंदीहून निघाल्या आणि त्याच दिवशी पंढरपुरात पोहोचल्या. देहूहून तुकोबांच्या पादुकाही तशाच आल्या. एरवी आळंदीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालून सोहळा आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत शिरतो. त्या वर्षी प्रस्थान तिथीप्रमाणे झालं, पण मोजक्या माणसांत. आणि करोनामुळे पुढचे सगळे दिवस पादुका आळंदीतच राहिल्या. दिवेघाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या गेल्या नाहीत, नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडलं नाही, चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं नाही.

एकादशी मात्र चुकली नाही.

मग त्या वर्षी वारी झाली की नाही? फलटणच्या एका घरात हा वाद अजून मिटलेला नाही. वाद घालणारे दोघे. एक आत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आळंदीपासून पंढरपूरपर्यंत दिंडीबरोबर चालणाऱ्या. दुसरा त्यांचा भाचा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, जो दरवर्षी पुणे ते सासवड एवढीच वाट चालतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. पूर्ण चालणारी माणसं वाटेच्या बाजूनं बोलतील असं वाटतं. इथे उलटं आहे. आत्या म्हणतात, पोहोचणं महत्त्वाचं. भाचा म्हणतो, चालणं.

"पादुका पोहोचल्या, चंद्रभागेचं स्नान झालं, एकादशी साधली. वारी झाली," आत्या म्हणाल्या.

"पादुका पोहोचवल्या गेल्या," भाचा म्हणाला. "वारी म्हणजे ते चालतं गाव. ते गाव त्या वर्षी वसलंच नाही."

गावाची उपमा त्याला सहज सुचलेली नव्हती. वाटेवरची व्यवस्था पाहिली की ती पटते. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि तो रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं असतं. माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या, सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात, बाकीच्या मागे. पताकावाले पुढे, मग टाळकरी, पखवाजी, वीणेकरी, आणि डोक्यावर तुळशी-हंडे घेतलेल्या बाया. जेवणाखाण्यासाठी दिंडीत भिशी भरायची, दिंडीचा ट्रक पुढे जाऊन मुक्कामाच्या जागी राहुट्या ठोकणार, पाण्याचे टँकर त्याच्या मागोमाग. संध्याकाळी तळावर समाजआरती. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मग दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी मात्र टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, मगच आरती.

"कोर्ट नाही, पोलीस नाही," भाचा म्हणाला. "टाळ वाजवून न्याय मागायचा. आत्या, हे पंढरपुरात घडत नाही गं. हे वाटेवर घडतं. आणि ही वाट कोणीतरी विचार करून बांधलीय."

त्याचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्याही पादुका एकत्र निघत. पुढे १८३२ च्या सुमारास साताऱ्याकडच्या आरफळ गावच्या हैबतबाबांनी आळंदीहून माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. दिंड्यांचा क्रम, तळ, कूच आणि मुक्काम यांत लष्करी शिस्त दिसते ती त्यामुळे. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले, आणि तो मान आजही चालू आहे. माउलींचा अश्व वाहनातून येत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून पायीच आळंदीला येतो. म्हणजे प्रस्थानाच्या आधीच एक वाटचाल होऊन गेलेली असते.

आत्यांनी हे सगळं मान्य केलं. त्यांचा आक्षेप दुसरीकडे होता.

"एवढी शिस्त कशामुळे टिकली, सांग बरं. तिथीमुळे. एकादशी कोणासाठी थांबत नाही. सासवडला दोन रात्री राहायचं, नीरा कधी ओलांडायची, वाखरीला कधी पोहोचायचं, हे सगळं मागे मोजत येऊन ठरतं. पंढरपूर काढून टाक, मग बघ. पहिला पाऊस आला की निम्मे लोक जेजुरीतच थांबतील. दोन दिवस विसावा घेऊ म्हणतील, मग चार दिवस. त्याला वारी कोण म्हणेल?"

मग त्या वेळापूरबद्दल बोलल्या. वेळापूरच्या अलीकडे एक उतार लागतो. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरेनं सांगितलेली आठवण आहे. तिथे वारकरी आजही पळतात. त्याला धावा म्हणतात. दोन आठवडे चाललेली माणसं, पायाला फोड आलेले, गुडघे धरलेले, कमरेला पट्टा बांधलेल्या म्हाताऱ्यासुद्धा त्या उतारावर पळतात.

"चालण्यातच सगळं आलं असतं, तर कोणी धावलं नसतं," आत्या म्हणाल्या. "कळस ओढतो म्हणून पाय उचलतात."

भाच्याला हा मुद्दा खोडून काढता आला नाही, पण त्यानं तो स्वीकारलाही नाही. त्याच्या मते धावा ही वाटेवरचीच गोष्ट आहे. मंदिरात शिरताना कोणी असं धावत नाही, तिथे रांग असते.

यानंतर विषय दिवेघाटावर गेला, आणि आत्यांचा आवाज थोडा चढला. पुण्यातला मुक्काम हलला की हडपसरवरून पालखी दिवेघाटाला लागते. त्या एका दिवशी पुण्याची हजारो माणसं चालायला येतात. महाविद्यालयांतली मुलं, बँकांतले कर्मचारी, आयटी कंपन्यांतल्या मित्रांचे गट. घाटाच्या वळणांवरून दिसणारा तो पांढऱ्या टोप्यांचा आणि भगव्या पताकांचा लोट दर वर्षी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतो. संध्याकाळी ही मंडळी सासवडहून पीएमपी किंवा स्वतःच्या गाडीनं परत जातात.

"त्यांनी येऊ नये असं मी म्हणत नाही," आत्या म्हणाल्या. "पण सासवडला त्यांची वाट संपते आणि घर सुरू होतं. आमच्या दिंडीतल्या बाईची वाट सासवडला सुरूही झालेली नसते. तिला पुढे पावसात भिजलेल्या राहुटीत झोपायचंय, पहाटे तीनला उठून टँकरपाशी उभं राहायचंय. घरी पेरणी झालीय की नाही हे फोनवर विचारत चालायचंय. तिनं हे सगळं कशाच्या जोरावर काढायचं? घाट सुंदर दिसतो म्हणून? ती घाटाकडे बघतसुद्धा नाही."

भाचा स्वतः त्या एक दिवस चालणाऱ्यांतला. त्यानं शांतपणे उत्तर दिलं. ज्याला एकच रजा मिळते त्यानं एक दिवस चालावं, यात कमी काय? एरवी शेजारच्या मजल्यावर कोण राहतं हे माहीत नसलेली माणसं त्या दिवशी अनोळखी म्हाताऱ्याच्या पाया पडतात आणि तो म्हातारा उलट त्यांच्या पाया पडतो. लहान पोरापासून वृद्धापर्यंत प्रत्येकाला 'माउली' म्हणून हाक मारली जाते. हे एक दिवस घडलं तरी ते खोटं ठरत नाही. त्यानं स्पेनमधल्या सान्तियागोच्या यात्रेचं उदाहरण दिलं. युरोपभरातून लोक तिथे चालत जातात; कोणी फ्रान्सच्या सीमेपासून महिनाभर चालतं, कोणी फक्त शेवटचा तुकडा. पायी येणाऱ्याला यात्रेकरू म्हणून प्रमाणपत्र मिळायला किमान १०० किलोमीटर पुरतात. कुठून सुरुवात केली याला तिथे बंधन नाही.

"आणि पोहोचायला?" आत्यांनी विचारलं.

"सान्तियागोला पोहोचावं लागतं," भाचा म्हणाला.

"मग माझंच बोललास की."

तो हसला, पण लगेच आपल्या मुख्य मुद्द्यावर आला. त्याला वाटेवरची समता सगळ्यांत मोलाची वाटते. देवळात पुजारी आहे, समिती आहे, महापूजेचा मान आहे, रांगेचे प्रकार आहेत. वाटेवर चिखल सगळ्यांना सारखा.

आत्या काही वेळ थांबल्या आणि मग त्यांनी इरावती कर्वे यांचं नाव घेतलं. 'परिपूर्ती' या १९४९ च्या संग्रहातला 'वाटचाल' हा त्यांचा लेख आत्यांनी शाळेत मुलांना अनेकदा वाचून दाखवला होता. इरावतीबाई स्वतः दिंडीबरोबर चालल्या. त्यांना वाटेवर आनंद मिळाला, माया मिळाली, आणि एक सल लागला. एकाच पालखीबरोबर, एकच नाम घेत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत होते. चिखल सारखा होता, चूल वेगळी होती. पुढे दि. बा. मोकाशी १९६१ च्या वारीत चालले आणि १९६४ मध्ये त्यांचं 'पालखी' आलं. त्यातही वाटेवरची माणसं जशी आहेत तशी दिसतात, भक्तीतली आणि भांडणातली.

"वाट आपोआप समता देत नाही रे," आत्या म्हणाल्या. "ती तिथे आणावी लागते. आणि आता तू जे म्हणतोस ना, की पोहोचणं तेवढं महत्त्वाचं नाही, ते चोखोबाला सांगून बघ."

इथून पुढचं त्या अगदी सावकाश बोलल्या. चोखामेळा मंगळवेढ्याचे, अस्पृश्य मानलेल्या जातीतले. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. ते अंतर चोखोबांनी किती वेळा तुडवलं असेल कोण जाणे. वाट त्यांना कोणी बंद केली नव्हती. बंद होतं ते दार. मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम कोसळून त्यांचा मृत्यू झाला, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असं परंपरा सांगते. मृत्यूनंतरही जागा मिळाली ती दाराबाहेर. त्यानंतर सहा शतकं त्यांच्या जातीची माणसं वारीला येत राहिली, चंद्रभागेत उतरत राहिली आणि त्या समाधीपाशी थांबत राहिली. साने गुरुजी १९४७ मध्ये उपोषणाला बसले ते हे दार उघडावं म्हणून. आधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मनं वळवली. मग १ मेपासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. १० मे रोजी ते सुटलं ते मंदिर सगळ्यांना खुलं करण्याचं ठरल्यावर.

"गुरुजींनी असं नाही म्हटलं, की बाबांनो, चालण्यातच आनंद आहे, आत जायचं कशाला," आत्या म्हणाल्या. "ज्याला दार कधी बंद नव्हतं त्याला वाट पुरते. ज्याच्या तोंडावर दार लावलं होतं त्याला आत पाऊल टाकायचं असतं. माझ्या दृष्टीनं वारीतली सगळ्यांत मोठी चाल त्या उंबऱ्यावरची आहे."

भाच्याकडे यावर तयार उत्तर नव्हतं. तो उठून पाणी पिऊन आला. नंतर त्यानं जे मांडलं ते आत्यांना खोडण्यासाठी नव्हतं, त्यांच्याच मुद्द्याला धरून पुढे जाणारं होतं.

गुरुजींनी उपोषण पंढरपुरात केलं, पण दार उघडलं ते त्याआधीच्या दौऱ्यानं, असं तो म्हणाला. गावोगावच्या सभा, सह्या, विहिरी आणि देवळं खुली करण्याचे ठराव, ही सगळी वाटच होती. ती तुडवली नसती तर दहा दिवसांच्या उपोषणानं काय झालं असतं? दुसरं म्हणजे, दार उघडं असूनही लाखो वारकरी आत जात नाहीत. आषाढीला पदस्पर्शाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. दर्शनाला पंधरा-वीस तास लागणं नवलाचं नाही. ज्यांना तेवढा वेळ नसतो ते मुखदर्शन घेतात, किंवा चंद्रभागेत स्नान करून, नगरप्रदक्षिणा घालून, नामदेव पायरीवर डोकं टेकून, कळसाला हात जोडून परततात. त्यांची वारी अपुरी राहिली असं कोणी म्हणत नाही.

"आणि नामदेवांनी स्वतःसाठी कोणती जागा मागितली? पायरी. हैबतबाबांची जागा आळंदीच्या महाद्वारात कुठे आहे? तीही पायरीच. ज्यानं ही वाट बसवली तो आत जाऊन नाही बसला, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायाखाली राहिला."

आत्यांना हे आवडलं, आणि त्यांनी तसं सांगितलंही. पण कळसदर्शन वेगळं आणि पदस्पर्श वेगळा, असं त्यांचं ठाम मत. विठ्ठलाच्या पायांवर कोणीही, कोणत्याही जातीचा, कोणत्याही कपड्यांतला माणूस थेट डोकं टेकवू शकतो. मोठ्या देवस्थानांत अशी मोकळीक फार थोड्या ठिकाणी आहे. ती मोकळीक सहज आलेली नाही. ती वापरली नाही तर तिची किंमत विसरायला वेळ लागत नाही, म्हणून आत्या रांगेत उभ्या राहतात.

त्यांनी भाच्याला मंदिरातली एक रीत सांगितली, जी दिवेघाटातून परतणाऱ्यांच्या कानावर सहसा पडत नाही. यात्रेच्या आधी देवाचा पलंग काढतात. त्यानंतर विठ्ठलाला निद्रा नाही. मंदिर चोवीस तास उघडं, देवाच्या पाठीशी लोड आणि रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या ठेवलेला. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण काढला जातो, आणि पलंग परत येतो. "तुम्ही चालता, तेव्हा तो जागा उभा असतो," आत्या म्हणाल्या. "पोहोचायची जागा म्हणजे नुसता नकाशावरचा ठिपका नसतो. तिथे कोणीतरी आपल्यासाठी शिणतंय, हे ठाऊक असल्यावर चालणं वेगळं होतं."

बोलण्याच्या ओघात रस्त्याचाही विषय निघाला. दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. कडेला चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याची योजना होती. भाच्याला रुंदीकरणात गेलेली जुनी झाडं आठवतात. सावली हीसुद्धा वाटेची मालमत्ता होती असं तो म्हणतो. आत्यांना रुग्णवाहिका वेळेवर पोहोचते हे दिसतं. या बाबतीत दोघांनी एकमेकांचं ऐकून घेतलं आणि वाद फार ताणला नाही.

शेवटी गाडी पुन्हा करोनाच्या वर्षांवर आली. भाच्यानं २०२१ ची गोष्ट काढली. त्या वर्षीही मानाच्या पालख्या एसटीनंच आल्या. बस थेट पंढरपुरात नेता आली असती. तरी वाखरीला पोहोचल्यावर वारकऱ्यांनी काही अंतर प्रातिनिधिक म्हणून पायी कापलं. परवानगी मिळाली ती तेवढीच, आणि तीसुद्धा मागून घेतलेली.

"बघ," तो म्हणाला, "इतकी बंधनं असतानाही चालल्याशिवाय राहवलं नाही."

"बघ," आत्या म्हणाल्या, "चालायचं ठरलं तेव्हा शेवटचा टप्पा निवडला. आळंदीतून बाहेर पडण्याचा नाही निवडला."

दोघांनाही आपापला पुरावा त्याच वाटेत सापडला होता. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा आळंदीत उसळलेली गर्दी भाच्याला चालण्यासाठीची वाटते, तर आत्यांना दोन वर्षं पंढरी न दिसल्याची.

मग आत्यांनी आपला शेवटचा मुद्दा काढला. आषाढीसाठी एसटी जवळपास पाच हजार जादा गाड्या सोडते. द्वादशीला पारणं सुटलं की चालत आलेली माणसं बसस्थानकांवर आणि रेल्वेस्टेशनवर गर्दी करतात. येताना अडीच आठवडे, जाताना एक रात्र. वाट इतकीच प्रिय असती तर निदान थोडे तरी चालत परतले असते. काम झालं की माणूस गाडी पकडतो.

भाचा म्हणाला, "थोडे परततात की."

ते खरं आहे. पालखी पंढरपुरात पौर्णिमेपर्यंत असते. गोपाळपूरला काला होतो, आणि त्याच दिवशी पादुका परतीला लागतात. जाताना लाखांचा समुदाय असतो. परतीला मोजकी माणसं असतात. मुक्काम थोडे, पल्ले लांब, रिंगण नाही, घाटात कॅमेरे नाहीत. ज्येष्ठात घरं रंगवून, रांगोळ्या काढून वाट पाहणारी गावं तोवर पेरणीत आणि खुरपणीत गुंतलेली असतात. सुमारे दहा दिवसांत पालखी आळंदीत पोहोचते आणि मगच सोहळा पुरा होतो.

"दर्शन झालं, काला झाला, पुण्य पदरात पडलं," भाचा म्हणाला. "तरी ही माणसं पावसात सगळी वाट परत चालतात. त्यांना आता कुठे पोहोचायचंय, आत्या?"

"आळंदीला," त्या म्हणाल्या. "माउलींना घरी पोहोचवायचंय. तेही पोहोचणंच."

"माउली पोहोचतील. तू म्हणतेस तसं एसटीनंही पोहोचतील."

आत्यांनी यावर लगेच काही म्हटलं नाही. दिंडीतल्या बायांबरोबर त्या नेहमी द्वादशीची गाडी पकडतात. परतीच्या वाटेवर त्या कधी चाललेल्या नाहीत, आणि गोपाळपूरचा कालाही त्यांनी पाहिलेला नाही. भाचा वारीच्या दिवसांत सासवडच्या पुढे गेलेला नाही आणि पदस्पर्शाच्या रांगेत तो कधी उभा राहिलेला नाही.

"तू पुढच्या वर्षी रजा काढ," आत्या म्हणाल्या. "दशमीला पंढरपुरात ये आणि पत्राशेडपासून रांगेत उभा राहा. रात्रभर. मग बोलू."

"येतो. पण द्वादशीला तू गाडी पकडायची नाहीस. काला घेऊन माझ्याबरोबर परतीला निघायचं."

"दहा दिवस? तुला रजा देतील?"

"मागून बघतो. तुझ्या गुडघ्याचं काय?"

"वेळापूरचा उतार परतताना चढ होतो," आत्या म्हणाल्या, "तेवढा हळू चढू."